लूप, दोरा आणि संसर्ग : एका कारणाच्या शोधाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, की तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, हा तर डॉक्टरीण बाईंचा विषय, तुम्ही त्यात कुठे शिरता? मी त्यांना म्हटलं, उपचार सांगायला मी शिरत नाही. पण ‘अमुकामुळे तमुक झालं’ असं आपण कधी म्हणू शकतो, हा प्रश्न मी आयुष्यभर शिकवला. आणि त्या प्रश्नाचा इतका खर्चिक इतिहास मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

प्रश्न असा : गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात जे साधन बसवतात, म्हणजे पूर्वीचा लूप आणि आपल्याकडे बायका जिला ‘तांबी’ म्हणतात ती, त्यामुळे ओटीपोटात जंतुसंसर्ग होतो का? वैद्यकशास्त्राला याचं नीट उत्तर द्यायला साधारण सत्तर वर्षं लागली. मधल्या काळात दोनदा चुकीचं उत्तर दिलं गेलं. एकदा सांगितलं की काही होत नाही, आणि नंतर सांगितलं की होतोच होतो. दोन्ही वेळा किंमत मोजली ती बायकांनी.

आधी थोडं शरीराबद्दल. योनिमार्गात जंतू नेहमीच असतात, त्यातले बरेचसे उपकारकच. गर्भाशयाची पोकळी मात्र जवळजवळ जंतुरहित असते. या दोन जागांच्या मध्ये गर्भाशयाचं तोंड आहे, आणि तिथे एक घट्ट, चिकट स्राव असतो. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, तसं समजा. दादरा नीट असेल तर आतला माल टिकतो. गनोरिया किंवा क्लॅमिडियासारखे जंतू हा अडसर ओलांडून वर गेले, की गर्भाशय आणि दोन्ही बाजूंच्या बीजनलिका सुजतात. ‘पिशवीला सूज आहे’ हे वाक्य आपल्या घरांतून पुष्कळांनी ऐकलेलं असेल. ते कधी कधी मोघमपणे वापरलं जातं, पण खरी सूज असेल तर गोष्ट गंभीर असते. नळ्या आतून चिकटतात, मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच राहून जिवावर बेततं.

आता हे साधन बसवायचं म्हणजे दादरा क्षणभर बाजूला सारणं आलं. भीती तिथूनच सुरू होते, आणि ती खुळी नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपात देठाची साधनं वापरत. त्यांचा एक भाग गर्भाशयात, एक बाहेर योनीत, आणि मधला देठ गर्भाशयाच्या तोंडातून गेलेला. दादऱ्याला कायमचं भोक पाडून ठेवल्यासारखंच ते. संसर्ग झाले, आणि या साधनांचं नाव बदनाम झालं. पुढे १९०९ साली रिश्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने रेशीमकिड्याच्या तंतूंचं कडं वापरल्याचं लिहिलं. बर्लिनच्या अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी १९२०च्या दशकात तारेचं कडं केलं. वैशिष्ट्य हे, की ते संपूर्ण आत राहायचं, बाहेर काहीच लोंबत नसे. १९३० साली झुरिकच्या परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या चांदीच्या तारेत तांब्याचा मोठा अंश होता हे पुढे कळलं. म्हणजे तांबी, नकळत का होईना, तेव्हाच जन्माला आली होती म्हणायची! याच काळात आपल्याकडे मुंबईत र. धों. कर्वे संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते, हे काळाच्या हिशेबासाठी सांगतो.

ग्रेफेनबर्ग यांचं कडं टिकलं नाही. प्रतिजैविकं नव्हती, गनोरिया भरपूर होता. कुणी कडं कुणाला बसवावं याचा विवेक सगळ्याच डॉक्टरांनी पाळला असं नाही. संसर्ग झाले, आणि देठाच्या साधनांची बदनामी या कड्याच्याही खात्यावर चढली. दोन वेगळ्या वस्तू, एकच नाव, एकच निवाडा. ही चूक आपल्याला आज पुन्हा भेटणार आहे. स्वतः ग्रेफेनबर्ग ज्यू होते. नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं, पुढे ते कसेबसे अमेरिकेत पोहोचले.

मग सगळं एकदम बदललं. पेनिसिलीन आलं, लवचिक प्लास्टिक आलं. १९५९ साली इस्राएलमधून ओपनहायमर आणि जपानमधून इशिहामा यांनी, हे साधन वर्षानुवर्षं वापरून फारसा अपाय दिसला नाही, असं प्रसिद्ध केलं. आणि लोकसंख्येची चिंता ऐरणीवर आली. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये पॉप्युलेशन कौन्सिलने या साधनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. बफेलो गावच्या जॅक लिप्स यांचा दुहेरी वळणाचा लूप तिथे पुढे आला. त्याला एकपदरी नायलॉनचा दोरा होता, साधन जागेवर आहे की नाही हे तपासायला आणि काढताना धरायला.

या परिषदेत एका नामवंत प्राध्यापक-डॉक्टरांनी जे म्हटलं ते नोंदलेलं आहे. त्यांचा आशय असा, की एका रुग्णाचा विचार करण्याची डॉक्टरी सवय आता सोडली पाहिजे. एखादीला संसर्ग झाला, त्यातून ती वांझ झाली पण मेली नाही, तर एकूण योजनेत तेवढं नुकसान चालवून घेता येईल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. हे बोलणारा माणूस राक्षस नव्हता, आपण जग वाचवतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. नीतिशास्त्राच्या वर्गात उपयुक्ततावाद शिकवताना आम्ही रुळावरून येणाऱ्या काल्पनिक ट्रॉलीचं उदाहरण देतो. ते कशाला द्यायचं, हे घ्या की. खरं आहे, तारीखवार आहे.

त्याच दशकात एक छोटं, सुंदर संशोधन झालं. लॉस एंजेलिसच्या डॅनियल मिशेल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलं. ज्या बायकांचं गर्भाशय शस्त्रक्रियेने काढायचंच होतं, त्यांना आधी लूप बसवला होता. काढलेल्या गर्भाशयाच्या वरच्या बाजूने आतला नमुना घेतला, म्हणजे खालचे जंतू त्यात मिसळायला नकोत. आढळलं असं : बसवल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत आत जंतू सापडतात, पुढे शरीर ते साफ करतं, आणि महिना उलटल्यावर पोकळी पुन्हा निर्जंतुक होते. याचा अर्थ बघा. वस्तू आत राहिल्याने संसर्ग होत नाही, ती आत घालताना जे सोबत जातं त्याने होतो. उत्तराचा मोठा भाग तिथे १९६६ सालीच टेबलावर होता!

पण कुणाला थांबायला वेळ होता? आपल्या देशात १९६५ साली लिप्स लूपची मोहीम सुरू झाली. कानपूरला लूप तयार करण्याचा कारखाना निघाला. पहिल्या दोन वर्षांत मिळून सुमारे सतरा लाख लूप बसवले गेले, आणि मग आकडा घसरू लागला. लक्ष्यं ठरलेली, प्रत्येक लूपमागे पैसे ठरलेले, शिबिरं भरलेली. स्त्री-डॉक्टर कमी, आणि बसवल्यानंतर त्या बाईकडे पुन्हा बघणारं कुणी नाही. रक्तस्राव वाढला, पोटात दुखलं, तर ती जाणार कुठे? सरकारी भाषेत पुढे लिहिलं गेलं, की ‘अफवांमुळे’ कार्यक्रमाला धक्का बसला. अफवा होत्याच. पण ज्या बाईला महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जातं, ती शेजारणीला जे सांगते त्याला अफवा कसं म्हणायचं? तो अनुभव आहे. आमच्या शास्त्रात त्याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात.

आता या इतिहासाच्या मध्यभागी येतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. साधनाचं नाव डाल्कन शील्ड. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉक्टर ह्यू डेव्हिस आणि अर्विन लर्नर नावाचे एक संशोधक, यांनी ते तयार केलं. खेकड्यासारखा आकार, दोन्ही कडांना मागे वळलेले दात, म्हणजे आपोआप बाहेर पडू नये. फेब्रुवारी १९७०मध्ये डेव्हिस यांनी ६४० बायकांवरचा अभ्यास छापला आणि गर्भ राहण्याचं प्रमाण १.१ टक्के असल्याचं सांगितलं. सरासरी वापर सहा महिन्यांहूनही कमी होता. या साधनाच्या कंपनीत आपला हिस्सा आहे, हे त्यांनी वाचकांना सांगितलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत ते अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे गर्भनिरोधक गोळ्यांच्या धोक्यांबद्दल साक्ष देऊन आले होते. तिथेही आर्थिक हितसंबंधांचा प्रश्न निघाला, आणि तिथेही हे उघड झालं नाही. जूनमध्ये ए. एच. रॉबिन्स या औषध कंपनीने साडेसात लाख डॉलर आणि पुढची रॉयल्टी देऊन साधन विकत घेतलं. जानेवारी १९७१पासून देशभर विक्री. औषधाला सरकारी परवानगी लागे, साधनाला त्या काळी लागत नसे.

आता दोरा. दात असल्यामुळे शील्ड काढायला जोर लागायचा, साधा एकपदरी दोरा तुटला असता. म्हणून शेकडो बारीक तंतूंचा पीळ घेतला आणि त्यावर नायलॉनची नळी चढवली. नळीची दोन्ही टोकं उघडी. समईची वात तेल कशी वर ओढते? तंतूंच्या मधल्या फटींतून. इथे वातीचं खालचं टोक योनीत, वरचं गर्भाशयात. ग्रेफेनबर्ग यांनी जो धडा घेऊन बाहेर काही लोंबू दिलं नव्हतं, तो धडा चाळीस वर्षांनी असा पुसला गेला.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. शील्ड तयार होत होती त्या कारखान्यात वेन क्राउडर नावाचे दर्जा तपासणारे पर्यवेक्षक होते. १९७१ साली त्यांनी दोऱ्याचं एक टोक पाण्यात ठेवलं, आणि पाणी आतून वर चढतं हे बघितलं. टोकं उष्णतेने बंद करा, असं त्यांनी सुचवलं. दोरा हा तुमचा विषय नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. खर्चाचा प्रश्न होता, काही सेंटांचा.

१९७४ साली ॲरिझोनाचे डॉ. क्रिश्चन यांनी लिहिलं, की शील्ड असतानाच गर्भ राहिलेल्या काही बायकांना चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक रक्तात जंतुदोष झाला आणि त्या दगावल्या. गर्भाशय वाढतं तसा दोरा वर ओढला जातो, आणि त्याबरोबर जंतू, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. जूनमध्ये अमेरिकेतली विक्री थांबली. तोवर तिथल्या वीस लाखांहून अधिक बायकांना ती बसवून झाली होती, आणि परदेशांतही पाठवली गेली होती. १९७५मध्ये हॉवर्ड टेटम यांनी वापरलेल्या शील्डचे दोरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तंतूंच्या मध्ये जंतू होते. टेटम हे स्वतः ‘टी’ आकाराच्या साधनाचे जनक, म्हणजे स्पर्धकच. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेता येईल, पण दोऱ्यातल्या जंतूंना स्पर्धेशी काय कर्तव्य? दोऱ्यानेच सगळं घडलं का, यावर पुढे काही अभ्यासकांनी वाद घातला, तोही नोंदवून ठेवतो.

१९७६ साली अमेरिकेत वैद्यकीय साधनांसाठी कायदा झाला. खटले चालले. २९ फेब्रुवारी १९८४ रोजी मिनेसोटात न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कंपनीच्या वरिष्ठांना समोर बसवून, अजून हे साधन अंगात बाळगून असलेल्या बायकांना बोलावून घ्या, असं खडसावलं. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने शील्ड काढून घेण्याच्या जाहिराती दिल्या. म्हणजे विक्री थांबल्यापासून दहा वर्षं ती आतच होती. १९८५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तीन लाखांहून अधिक दावे आले, आणि भरपाईसाठी दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी उभारावा लागला.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते.

शील्डच्या धक्क्याने निवाडा उलटा फिरला. आता प्रत्येकच साधन दोषी. अमेरिकेत १९८६ सालापर्यंत जवळपास सगळी साधनं बाजारातून गेली, तांब्याची सुद्धा, ज्यांचा दोरा एकपदरी होता. खटल्यांच्या भीतीने गेली. आणि पाठीशी अभ्यासही होते. ‘विमेन्स हेल्थ स्टडी’ या मोठ्या अमेरिकन अभ्यासाने १९८१मध्ये सांगितलं, की साधन वापरणाऱ्यांत ओटीपोटाचा संसर्ग अधिक. अधिक म्हणजे कुणापेक्षा? हा प्रश्न विचारायला मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. न वापरणाऱ्यांपेक्षा. पण ‘न वापरणाऱ्या’ म्हणजे कोण? त्यांत निरोध वापरणाऱ्या होत्या, त्यांना निरोधाने संसर्गापासूनच संरक्षण. गोळ्या घेणाऱ्या होत्या, त्यांच्यात गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आणि त्यांच्यात अशी सूज कमी आढळत होती. छत्री घेतलेल्या माणसाशी तुलना करून आपण म्हणतो, की टोपी घातल्याने माणूस भिजतो!

इथे मला न्यायशास्त्राची आठवण येणं अपरिहार्य आहे, सहन करा. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्राथमिक ग्रंथातही ‘उपाधी’ शिकवतात. कुणी म्हणालं, जिथे अग्नी तिथे धूर, तर ते चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या इंधनामुळे. ओलं इंधन ही उपाधी. जिथे धूर तिथे ती असते, पण जिथे अग्नी तिथे ती असतेच असं नाही. आता वाक्य बदला : जिथे लूप तिथे संसर्ग. इथे ओलं इंधन कोणतं? एक, बसवतेवेळी आधीच असलेला संसर्ग. दोन, बसवतानाची अस्वच्छता. तीन, शील्डच्या बाबतीत तो पिळाचा दोरा. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून नंतर येणारा संसर्ग हे चौथं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नसे.

हळूहळू संशोधकांनी ही ओल वेगळी काढली. १९८३मध्ये त्याच अभ्यासाची आकडेवारी वेगळी करून पाहिली, तर शील्ड वापरणाऱ्यांत धोका इतर साधनांच्या सुमारे पाचपट निघाला. १९८८मध्ये दिसलं, की एकच जोडीदार असलेल्या विवाहित बायकांत, शील्ड सोडून इतर साधनांनी धोका फारसा वाढत नाही. १९९१मध्ये क्रोनमल आणि सहकाऱ्यांनी मूळ मांडणीचीच फेरतपासणी करून तिच्यातले दोष दाखवले. आणि १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये फार्ली व इतरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांतली २२,९०८ साधनं तपासली. संसर्गाचं प्रमाण हजार स्त्री-वर्षांमागे १.६. पहिल्या वीस दिवसांत धोका नंतरच्या सहापटीहून अधिक, आणि मग तो खाली जाऊन कमीच राहतो. मिशेल यांचे चोवीस तास आणि महिना आठवा. सव्वीस वर्षांनी तेच उत्तर, फक्त आता हजारो बायकांवरून. २००१मध्ये मेक्सिको शहरातल्या अभ्यासात हबाखर आणि सहकाऱ्यांना बंद नळ्यांचा संबंध आढळला तो क्लॅमिडियाच्या जुन्या संसर्गाशी, तांबीशी नाही.

मग झालं का? तांबी निर्दोष सुटली, आपण घरी जाऊ? थांबा. त्या चाचण्यांतल्या बायका दवाखान्यात तपासून निवडलेल्या होत्या. संसर्ग असेल तर साधन बसवायचं नाही, हा नियम पाळलेला. हे उत्तर खेड्यातल्या बाईला लागू करायचं, तर तिची तपासणी झालेली हवी. ती होत होती का?

याचं उत्तर महाराष्ट्रातूनच आलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायकांचा अभ्यास केला, तो १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दवाखान्यात आलेल्यांचा नाही, गावातल्या बायकांचा. ५५ टक्के बायकांच्या तक्रारी होत्या, ४५ टक्क्यांच्या नव्हत्या. तपासल्यावर ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी एकेका बाईला ३.६ आजार, त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

त्या निबंधात एक वाक्य आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. बायकांनी वापरायच्या संततिनियमनाच्या पद्धतींचा आणि या आजारांचा संबंध दिसला, पण त्याने आजारांचा अगदी थोडा भाग समजावता येतो, असं ते म्हणतात. म्हणजे बाकीचा भार आधीपासून होता. १९६५ साली आपण ज्या गावांत लूप घेऊन गेलो, तिथे तो काय असेल याचा विचार करा. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, ओटीपोटात कळ, हे बाईपणाचंच लक्षण समजून ती सोसत होती. लूप बसला, आणि पहिल्यांदा तिला दुखण्याचं एक नाव सापडलं. कधी नाव बरोबर होतं, कधी नव्हतं. पण तपासलंच नाही, तर बरोबर-चूक ठरवणार कसं? सरकार म्हणालं अफवा, बाई म्हणाली लूप, आणि उपाधी कुणीच शोधली नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या विवाहित बायकांपैकी तांबी किंवा तत्सम साधन वापरणाऱ्या २.१ टक्के आहेत. स्त्री-नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के. या दोन आकड्यांच्या मध्ये बरीच कारणं आहेत, सगळी भीतीत नाहीत. पण साठ वर्षांपूर्वीची ती आठवण आईकडून मुलीकडे आलेली नाही असं मला म्हणवत नाही.

व्याख्यानानंतर बायका येऊन विचारतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ जे सांगतात ते इथेच सांगून टाकतो. तांबी बसवण्याआधी आतून तपासणी झाली पाहिजे. घाण वासाचा स्राव, पू किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर आधी उपचार, मग तांबी. बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ताप, ओटीपोटात वाढतं दुखणं किंवा तसला स्राव दिसला तर वाट न बघता दाखवायचं. नंतर कधी पांढरं जाऊ लागलं तर तांबीच जबाबदार असं धरून ती काढून मोकळं व्हायचं नाही, तपासून घ्यायचं, आणि गरज असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यायला लावायचं. संसर्ग निघाला तरी औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडत असेल, तर तांबी काढावीच लागते असंही नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आता प्रश्न असतील तर घेऊ.